सोपट, धांडे, जुनी लुगडी: खान्देशातल्या घरात बसून हातानं काय काय बनवता येईल?

तापीकाठची | २ मे, दुपारी २:४०

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, परवा झाली. झोके उतरले, माहेरपणाला आलेल्या नणंदा परत गेल्या. आता घरात मी, नऊ वर्षांची लेक, सहा वर्षांचा मुलगा आणि बाहेर भाजून काढणारं ऊन. सकाळी दहानंतर मुलांना अंगणात सोडायची सोय नाही. भुसावळकडचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना जास्त सांगायला नको.

मागच्या आठवड्यात साडेचारशे रुपयांचा हस्तकलेचा एक डबा मागवला. आत फोमचे आधीच कापलेले तुकडे, डिंकाची बाटली आणि कुठला तुकडा कुठे चिकटवायचा त्याचा कागद. पाऊण तासात दोघांनी फुलपाखरू पुरं केलं. दुसऱ्या दिवशी पंख गळाले. पैसे गेले त्याचं एवढं नाही, पण लेकीनं विचारलं, "मम्मी, हे आपण बनवलं म्हणायचं का?" मला पटकन हो म्हणता आलं नाही. ते तेव्हापासून मनात आहे.

माझ्या माहेरी आई केळीच्या सोपटाची चुंबळ (डोक्यावर भांड्याखाली घ्यायचं कडं) करायची, मोठी माय गोधड्या शिवायची, आम्ही पोरं धांड्यांच्या, म्हणजे ज्वारीच्या वाळलेल्या ताटांच्या, बैलगाड्या करायचो. मला त्यातलं अर्धवट आठवतं. त्यांचे हात डोळ्यासमोर येतात, पण आधी काय करायचे, मग काय, ते येत नाही. आई आता नाही, त्यामुळे विचारायची सोय उरली नाही.

म्हणून इथे विचारते. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या घरात नाहीतर शेतात जे सहज सापडतं त्यापासून मुलांसोबत काय बनवता येईल? सुईदोऱ्यापलीकडे बाजारातून काही आणावं लागू नये, आणि बनलेली वस्तू घरात वापरात यावी. शोकेसमध्ये ठेवायला नको आहे.

---

रावेरकर_शेतकरी | २ मे, रात्री ९:०५

ताई, सोपटापासूनच सुरुवात करा. आमच्याकडे तर ढीग पडलेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: केळीच्या झाडाला घड एकदाच येतो. घड कापला की त्या खोडाचं काम संपलं, पुढचं पीक बाजूच्या पिलावर. खोड म्हणतो खरं, पण त्यात लाकूड नसतं. पानांचे बुंधे एकावर एक गुंडाळून ते उभं राहिलेलं असतं, म्हणून कांद्यासारखं थरथर सुटतं. हा एकेक थर म्हणजे सोपट. सगळ्यात बाहेरची सोपटं झाडावरच वाळून तपकिरी होतात. तीच घ्यायची. माझे वडील मेथीच्या जुड्या त्यानंच बांधत, सुतळी विकत आणलेली मला आठवत नाही.

ओलं हिरवं सोपट मुलांच्या हातात देऊ नका. केळीचा चीक कपड्याला लागला की डाग जन्मभर जात नाही.

---

तापीकाठची | ३ मे, सकाळी ७:२०

भाऊ, धन्यवाद. यावलला मावसदीर आहेत, त्यांच्या बागेतून सोपटं मागवते. पण वेणी घालताना ती मोडतात असं अंधुक आठवतंय. आई काहीतरी पाण्याचं करायची.

---

रावेरकर_शेतकरी | ३ मे, रात्री ८:५०

माईला समोर बसवून लिहितोय, तिचं वय झालंय पण हात अजून चालतो.

सोपट उभं फाडून दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या करायच्या. फाडायला सुरी लागत नाही, नखानं सुरुवात करून दिली की रेषेत फाटत जातं. मग पट्ट्यांवर पाणी शिंपडून ओल्या फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं ठेवायच्या. बुडवायच्या नाहीत. बुडवल्या की फुगतात, आणि वस्तू वाळल्यावर आकसून वेणी सैल पडते. हात लावल्यावर कातड्यासारख्या मऊ लागल्या की झालं.

तीन पेडांची साधी वेणी, पोरींच्या केसांची घालतो तशीच. पट्टी संपत आली, चार बोटं उरली, की नवी पट्टी तिच्या पोटात सरकवायची आणि दोन्ही मिळून पुढे विणायचं. गाठ मारली तर तिथे उंचवटा येतो, भांडं डुगडुगतं. बोटभर रुंदीची वेणी धरली तर वीतभर व्यासाच्या आसनाला सात फूट लागते. ती मधून गोल गुंडाळत जायची आणि प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्याला दाभणानं, सुतळीनं टाचायचा. दाभण मोठ्या माणसानंच धरायचं.

असं आसन गरम पातेल्याखाली चालतं, माठाखाली चालतं. चुंबळ हवी असेल तर वेणी नको. सोपटांचा मूठभर जुडगा वाकवून कडं करायचं आणि वरून पट्टी घट्ट गुंडाळत जायचं.

---

गिरणाकाठचा | ४ मे, दुपारी १:१५

बैलगाडीचं मी सांगतो, लहानपणी माझा त्यात हात धरणारा गल्लीत कोणी नव्हता.

दादरचे, म्हणजे रब्बी ज्वारीचे, धांडे घ्यायचे. पावसाळी ज्वारीचेही चालतात, पण दादरचा धांडा सरळ आणि आत भरलेला. अजून कडब्याच्या कुडी रचलेल्या असतील, शेजारच्या खळ्यातून दहा-बारा मागून आणा. दोन पेरांमधला तुकडा कापायचा आणि वरची साल सोलायची. आत पांढरा गाभा, हातात धरला तर वजनच लागत नाही. साल मात्र टणक, पिवळी, चकचकीत. सगळी करामत या दोघांच्या जोडीत आहे. सालीची सळई करून गाभ्यात खुपसली की ती तिथेच घट्ट बसते. डिंक लागत नाही, खिळा लागत नाही. गाभ्याचे तुकडे म्हणजे गाडीचे दांडे, सालीच्या सळया म्हणजे आडव्या पट्ट्या आणि आस. चाकं आम्ही जुन्या चपलेच्या रबराची कापायचो. जू, साटा, धुऱ्या, सगळं येतं. आधी चष्मा करायला द्या, तो सोपा. साल गोल वाकवून दोन्ही टोकं गाभ्यात अडकवली की एक भिंग झालं.

सोलायचं काम मुलांना देऊ नका. सालीची कड ब्लेडसारखी कापते आणि ती चीर दोन दिवस ठणकते. अंगठ्याला चिंधी गुंडाळून तुम्ही सोला, जोडायचं काम त्यांचं.

वापरात येणारी वस्तू नाही ही, तेवढी सूट द्या.

---

तापीकाठची | ४ मे, दुपारी ३:३०

गिरणाकाठचे दादा, मुलगा खेळेल तोच वापर. सूट दिली.

---

पांझराकाठ | ५ मे, सकाळी ११:००

मी धुळ्याकडचा, एकतीस वर्षं चित्रकला आणि कार्यानुभव शिकवून निवृत्त झालो. धांड्याच्या गाडीचं वाचलं आणि एक गोष्ट लिहावीशी वाटली.

शाळेत दरवर्षी हस्तकलेचं प्रदर्शन असे. बहुतेक मुलं बाजारातून आणलेलं थर्मोकोलचं काहीतरी घेऊन यायची, त्यावर नाव तेवढं मुलाचं. एका वर्षी आठवीतल्या एका मुलानं धांड्यांची गाडी आणली होती. छत्री लावलेली सवारी गाडी, आत बसायला चटई, दोन मातीचे बैल, बैलांच्या नाकात दोऱ्याची वेसण सुद्धा. परीक्षकांनी ती मागच्या टेबलावर सरकवली, पुढे ठेवायला जरा गावठी दिसते म्हणून. मी तिथे उभा होतो आणि बोललो नाही. तो मुलगा संध्याकाळी गाडी घेऊन गेला, पुढच्या वर्षी त्यानं काही आणलं नाही. मला तो आजही आठवतो. इथे कोणी शिक्षक वाचत असतील तर कळकळीनं सांगतो, मुलाच्या हाताचं काम पुढच्या टेबलावर ठेवा.

आता कामाचं. ज्यांना कागदकाम करायचं आहे त्यांनी खळ घरी करावी. एक वाटी मैदा, सहा वाट्या पाणी. मैदा आधी थोड्या गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवायचा, मग उरलेलं पाणी घालून मंद आचेवर हलवत राहायचं. पांढरट होती ती काचेसारखी पारदर्शक दिसायला लागली की उतरवायची. आकाशकंदिलाला, वहीला कव्हर घालायला, जुन्या वर्तमानपत्रांचे थर देऊन टोपल्या-वाट्या करायला हिच्यासारखी दुसरी चीज नाही. पूर्वी कीड लागू नये म्हणून बायंडिंगवाले खळीत मोरचूद घालत. घरी ते करू नका, मोरचूद विषारी असतं. गरज असेल तेवढीच करा, उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी आंबते.

---

चोपड्याची_नात | ६ मे, रात्री १०:१०

तापीकाठची ताई, तुमच्या मोठ्या मायचं वाचून मी माझ्या आजीला धागा वाचून दाखवला. आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि आतापर्यंत किती गोधड्या शिवल्या ते तिला सांगता येत नाही. ती म्हणाली, "त्या आंडेरले (लेकीला) सांग, मोठी गोधडी आधी नको धरू." म्हणून लहान बाळाच्या मापाची सांगते. साडेतीन फूट लांब, अडीच फूट रुंद. मी बाजूला बसून एक शिवली आहे, त्यामुळे जिथे मी चुकले तेही लिहिते.

कापड सुतीच हवं. वरच्या आणि खालच्या थराला मऊ झालेलं नऊवारी, आत आजोबांच्या धोतराचे दोन-तीन थर. आधी सगळं गरम पाण्यात धुऊन कडक वाळवायचं, म्हणजे खळ निघते आणि जे आकसायचं ते आधीच आकसतं. लुगड्याचे काठ कापून बाजूला ठेवायचे. काठातून सुई जाता जात नाही, पण गोधडीच्या कडेला पट्टी म्हणून तेच लावले की पुढची वीस वर्षं कड फाटत नाही.

मग खोली झाडून, फरशी ओल्या फडक्यानं पुसून, वाळल्यावर त्यावर थर अंथरायचे. चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, उखळातला बत्ता, जे जड असेल ते. आणि आता जे आजीनं मला तीनदा उचकून पुन्हा करायला लावलं ते. तळहात मधोमध ठेवायचा आणि बाहेरच्या बाजूला सुरकुती ढकलत न्यायची. प्रत्येक थराला. वरून सपाट दिसतं म्हणून फसायचं नाही, आतल्या थराची घडी हाताला लागते, डोळ्यांना दिसत नाही. आजी डोळे मिटून हात फिरवते आणि "इथे" म्हणून बोट ठेवते, आणि तिथे घडी असतेच.

त्यानंतर वीतवीत अंतरानं कच्चे टाके. मी कंटाळून ते कमी घातले. गोधडी कडेनं शिवत आत जातात, कोपऱ्यापासून सुरू करून चौकोनी फेऱ्या, एका बोटाच्या अंतरानं एकेक फेरा. माझे कच्चे टाके कमी असल्यामुळे कापड पुढे सरकत गेलं आणि मधोमध फुगा आला. आजीनं निमूटपणे आतले सहा फेरे उसवले.

दोरा हातभरच घ्यायचा. "लांब दोरा लिधा का गुतस," म्हणजे लांब घेतला की गुंततो, हे तिचं वाक्य. गाठ दोन थरांच्या मध्ये ओढून लपवायची, बाळाच्या अंगाला लागू नये म्हणून. मधल्या बोटाला अंगुस्तान घाला, नाहीतर चौथ्या फेऱ्याला बोटाला भोक पडतं.

मला लागलेले दिवस: रोज दुपारी दोन तास धरून बावीस. आजी म्हणते दहा पुरेत.

---

पुण्यातली_खान्देशी | ७ मे, सकाळी ९:४५

किती सुंदर लिहिलंय सगळ्यांनी. माझ्याकडे आईनं दिलेल्या जुन्या साड्या आहेत पण बहुतेक पॉलिस्टरच्या. त्या चालतील का गोधडीला? आणि फ्लॅटमध्ये सोपट, धांडे कुठून आणू?

---

एरंडोलची_वहिनी | ७ मे, दुपारी १२:३०

चालतात की. मी पॉलिस्टरच्याच शिवल्यात, रंग छान राहतात आणि वाळतातही लवकर.

---

चोपड्याची_नात | ७ मे, रात्री ९:००

वहिनी, तुमचं बरोबर असेल, पण आजी ठाम नाही म्हणते. पॉलिस्टर सुईखाली घसरतं, थर जागेवर राहत नाहीत, आणि मुख्य म्हणजे घाम पीत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवर गोधडी अंथरून झोपतात. सुती गोधडीवर पाठ गार पडते, पॉलिस्टरवर चिकटते. बाळासाठी तर नकोच.

---

एरंडोलची_वहिनी | ८ मे, सकाळी ८:१५

बाळाचं म्हणणं मान्य. माझ्या गोधड्या पाहुण्यांच्या खाटांवर घालायच्या, अंगाखाली फारशा जात नाहीत, म्हणून मला ते जाणवलं नसेल.

पुणेकर ताई, पॉलिस्टरच्या साड्यांच्या पिशव्या शिवा. साडीच्या पदराकडचा भाग दुहेरी घेतला की पाच किलो दादर आरामात येते. उरलेल्या पट्ट्या फाडून त्याच तीन पेडांच्या वेणीची पायपुसणी होतात. रावेरकर भाऊंनी सांगितलेली रीत तशीच, फक्त पाणी लागत नाही आणि दाभणाऐवजी जाड सुई.

---

कपाशीवाला_पारोळा | ९ मे, रात्री ८:२०

फ्लॅटवाल्यांसाठी आणखी एक. कापूस. गावाकडून येताना ओंजळभर बोंडांतला कापूस आणलात तरी पुष्कळ वाती होतात.

सरकी हातानं काढायची, आणि हे काम लहान मुलं आवडीनं करतात. सरकी काढलेला कापूस बोटांनी विंचरून हलका करायचा. फुलवात: चिमूटभर कापूस तळहातावर चपटा पसरायचा, मधोमध बोट दाबून कडा वर घ्यायच्या आणि टोक दुधाच्या बोटानं पिळायचं. वस्त्रमाळ: कापसाची लांब पट्टी ओढत न्यायची आणि बोटभर अंतरावर दुधाच्या चिमटीनं पिळत जायचं, पिळलेल्या जागी कुंकवाचं बोट. चिमटी कोरडी असेल तर कापूस सुटतो, म्हणून दूध. माझी बायको आणि मुलगी श्रावणाआधी घरच्या आणि शेजारच्या चार घरांच्या करून ठेवतात. पूजेच्या दुकानातल्या पाकिटात मोजून सात-आठ माळा असतात, आणि आमच्या शेतात कापूस आहे.

---

सातपुड्याचा | १२ मे, संध्याकाळी ६:००

नंदुरबारकडून एक. वाळलेला दुधी भोपळा. आमच्याकडे काठी गावच्या होळीला नाचणारे कमरेला सुकवलेले भोपळे बांधतात, तो आवाज ज्यानं ऐकला तो विसरत नाही. भोपळा वेलीवरच ठेवायचा, देठ वाळून वेल मरेपर्यंत. लवकर तोडला तर सडतो. हलवल्यावर आत बिया खुळखुळल्या की तयार. मग करवतीनं तोंड कापायचं, आतला गर आणि बिया काढून दोन दिवस पाणी भरून ठेवायचं आणि खरवडून साफ करायचं. बिया, मीठ ठेवायला, पक्ष्यांना दाणे टांगायला उत्तम.

या सुट्टीत होणार नाही. आता बी लावलं तर पुढच्या उन्हाळ्याला हातात येईल.

---

तापीकाठची | २६ मे, दुपारी ४:१०

सगळ्यांना खबर देते.

सोपटं आली. सोबत मुलानं मावसदिरांच्या बागेत हिरव्या खोडाला मिठी मारली, त्यामुळे त्याचा नवा शर्ट कायमचा गेला. रावेरकर भाऊंनी बजावलं होतं, मी तिथे नव्हते. तो शर्ट आता कामाचा शर्ट आहे.

पहिलं आसन करायला दोन दिवस लागले. वेणी लेकीनं घातली, टाचायचं काम माझं. पाच फेऱ्यांनंतर ते सपाट राहिना, कडा वर यायला लागल्या, पसरट वाटीसारखं झालं. दुसरं केलं तर उलटं, कडेला झालर पडली. कुठे चुकतंय?

धांड्यांच्या गाड्या तीन झाल्या. मुलगा त्यात हरभरे भरून स्वयंपाकघरातून ओसरीवर नेतो आणि परत आणतो.

---

रावेरकर_शेतकरी | २६ मे, रात्री ९:३०

माई म्हणते, फेरा टाचताना वेणी ओढली की वाटी होते, सैल सोडली की झालर. मांडीवर घेऊन टाचू नका, पाटावर सपाट ठेवून टाचा आणि वेणी स्वतःच्या अंगानं वळू द्या. पहिले दोन फेरे मात्र घट्टच.

वाटी झालेली टाकू नका. आणखी ओढून टाचत गेलात तर तिची टोपली होते. टोपली अशीच करतात.

---

तापीकाठची | ३१ मे, रात्री ९:१५

टोपली झाली! लसूण ठेवलाय त्यात. तिसरं आसन पाटावर ठेवून केलं, सपाट आलं, आज त्यावर वरणाचं पातेलं ठेवून जेवलो. सासूबाईंनी जेवताना पातेलं उचलून खाली दोनदा बघितलं. मग म्हणाल्या, माझी आई उतरंडीखाली हेच ठेवायची. त्यांच्या तोंडून त्यांच्या आईचं काही मी बारा वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

पाऊस लागायच्या आत सोपटाच्या वस्तूंना दोन कडक उन्हं दाखवा, असं माझं मी शिकले. एक आसन ओलं राहिलं होतं, त्यावर काळी बुरशी धरली.

---

पुण्यातली_खान्देशी | ४ ऑगस्ट, सकाळी १०:००

कानबाईच्या रोटांसाठी, म्हणजे आपल्या खान्देशातल्या श्रावणातल्या सणासाठी, शिरपूरला आले आहे. कानबाईच्या चौरंगामागे यंदा विकतचा पडदा न लावता आईच्या साड्यांच्या पट्ट्यांची वेणी करून तोरण लावलं, सात जावांनी मिळून एका दुपारी केलं. वस्त्रमाळाही घरच्याच. पारोळ्याचे दादा, दुधाच्या बोटाची युक्ती सगळ्यांना दाखवली.

---

तापीकाठची | १८ ऑगस्ट, दुपारी ३:००

पोळा चार दिवसांवर आलाय. आमच्याकडे बैल नाहीत, मातीचीच जोडी पुजतो. यंदा शेतातली काळी माती आणून मुलांसोबत बैल केले, सहाच्या सहा रात्रीत तडकले. एकाचे चारही पाय वेगळे. लेक रडायच्या बेतात आहे. कोणाला काही माहीत असेल तर लवकर सांगा.

---

पांझराकाठ | १८ ऑगस्ट, दुपारी ४:२०

ताई, लेकीला सांगा, दोष तिचा नाही. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना तितकीच आकसते. शेतात उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याचमुळे. तेच बैलाच्या अंगात झालं.

आता असं करा. दोन भाग काळी माती, एक भाग नदीचा पोयटा. दोन्ही भिजवून पातळ कालवून जुन्या सुती फडक्यातून गाळा, खडे आणि मुळ्या निघतील. पाणी निथळलं की त्यात कापूस घाला, बारीक बारीक विंचरून, एका बैलाला लिंबाएवढा. मग कणकेसारखं पंधरा मिनिटं मळा. कापसाचे तंतू माती धरून ठेवतात.

अंगाचा गोळा भरीव करू नका, जाड जागी बाहेरचं आधी वाळतं, आतलं मागे राहतं, आणि तिथेच तडा जातो. पोटाखालून अंगठ्यानं पोकळ करा. पाय वेगळे करून चिकटवायचे असतील तर दोन्ही बाजू काट्यानं खरवडून मध्ये पातळ चिखल लावून दाबा. शिंगांना बाभळीचे काटे ओल्या मातीतच खोचा. सावलीत, ओलसर फडक्याखाली पहिला दिवस, मग नुसत्या सावलीत. उन्हात अजिबात नाही. चार दिवस पुरतात, आजच मळायला घ्या.

---

कपाशीवाला_पारोळा | १८ ऑगस्ट, रात्री ८:००

रंगाला गेरू, चुना आणि तव्याखालची काजळी. झुलीला खणाचा तुकडा. गळ्यात माझ्याकडच्या वस्त्रमाळेसारखीच कापसाची माळ घाला, शोभते.

---

तापीकाठची | २३ ऑगस्ट, सकाळी ८:३०

काल पोळा झाला. सहापैकी पाच बैल सलग उभे आहेत. सहाव्याच्या मानेला केसाएवढी चीर आहे, लेकीनं ती गेरूनं बुजवून तिथे कापसाची माळ बांधली. मास्तर, तुम्ही सांगितल्याप्रमाणे तिनं पोट स्वतः पोकळ केलं. बैल उलटा करून बघितलं तर आत तिच्या अंगठ्याचे ठसे आहेत. मी ते बराच वेळ बघत बसले.

शेजारच्या दोन मुली रात्री येऊन गेल्या, गुलाबाई (भाद्रपदात मुली बसवतात ती, भुलाबाई) आमच्याकडे बसवायची का विचारायला. यंदा मूर्तीही घरीच करू म्हणतात. पोयटा उरलाय.

---

चोपड्याची_नात | २३ ऑगस्ट, दुपारी १:४०

नक्की करा ताई. गुलाबाईचा चेहरा करताना नाक शेवटी लावा, आधी लावलं की हात लागून चपटं होतं. हे आजीचं.

आणि तुमची गोधडी कुठवर आली?

---

तापीकाठची | २३ ऑगस्ट, रात्री ९:५०

आजींना नमस्कार सांग. नऊ फेरे झाले आहेत, अकरा राहिलेत. वरच्या थराला आईचं अंजिरी लुगडं लावलंय. पेटीतून काढून धुवायचा धीर व्हायला जुलै उजाडला. काठ काढून ठेवलेत, पण कोपऱ्यावर पट्टी वळवायची कशी ते समजत नाही. कोपरा मुडपला की जाड गोळा होतो आणि सुई आत जात नाही.

---

चोपड्याची_नात | २४ ऑगस्ट, सकाळी ७:०५

आजी म्हणते कोपऱ्यावर पट्टी मुडपू नका. तिथे कापा, आणि दुसरी पट्टी तिच्यावर बोटभर चढवून नवीन सुरू करा. टाके तिरपे घाला. ती उद्या करून दाखवणार आहे, फोटो टाकते.